इंगोलश्टाटचे पाच जण

ऑक्टोबर १७८६मध्ये बव्हेरियाच्या पोलिसांनी लान्ड्सहूट गावात फ्रान्झ झेवियर त्स्वाक नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या घराची झडती घेतली. कागदांचा मोठा गठ्ठा हाती लागला. त्यात सदस्यांची सांकेतिक नावं होती, अदृश्य शाईच्या कृती होत्या, दुसऱ्याच्या मोहोरेची नक्कल कशी करावी याची माहिती होती, स्त्रियांसाठी वेगळी शाखा काढण्याचा बेतही होता. पुढच्याच वर्षी सरकारने हे कागद छापून प्रसिद्ध केले. लोकांनी ते वाचावेत आणि सावध व्हावं, हा त्यामागचा हेतू. लोक हादरले खरे. पण मोडीत निघालेल्या एका संघटनेचं नाव त्या छापील पानांवरून युरोपभर पोचलं. ते नाव होतं इल्युमिनाटी.

ही संघटना १ मे १७७६ रोजी इंगोलश्टाट शहरात स्थापन झाली. संस्थापक अ‍ॅडम वाइसहाउप्ट हा तिथल्या विद्यापीठात चर्चचा कायदा शिकवणारा प्राध्यापक. सुरुवातीला त्याच्यासह अवघे पाच जण होते. जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ पोपने १७७३मध्ये बरखास्त केला होता, तरी विद्यापीठात त्या वळणाच्या माणसांचाच वरचष्मा होता. नव्या विचारांची पुस्तकं तरुणांनी वाचावीत, शहाण्या माणसांनी हळूहळू मोक्याच्या जागांवर पोचावं आणि अंधश्रद्धेचा व जुलमाचा अंमल संपवावा, असं वाइसहाउप्टचं स्वप्न होतं. त्यासाठी त्याने पद्धत उचलली ती मात्र जेझुइटांचीच. प्रत्येक सदस्याने आपला अहवाल मोहोरबंद करून वर पाठवायचा, इतरांवर नजर ठेवायची आणि वरच्या पायरीवर कोण आहे हे विचारायचं नाही. वाइसहाउप्ट स्वतः ‘स्पार्टाकस’ झाला, त्स्वाक ‘केटो’, म्युनिक ‘अथेन्स’. मुक्त विचारांसाठी काढलेल्या संघटनेत माणसांवर अशी पाळत असावी, हा तिच्यातला मूळ दोष होता.

१७८०मध्ये बॅरन क्निगे संघटनेत आला आणि फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या मंडळांमधून सदस्य ओढू लागला. सरदार, अधिकारी, प्राध्यापक, हेर्डरसारखा विचारवंत असे अनेक जण जोडले गेले. एकूण संख्या दोन हजारांच्या आसपास गेली असावी, असा एक अंदाज आहे. पण वाइसहाउप्ट आणि क्निगे यांचं बिनसलं आणि १७८४मध्ये क्निगे बाहेर पडला. त्याच वर्षी बव्हेरियाचा शासक कार्ल थिओडोर याने परवानगी नसलेल्या सगळ्या संघटनांवर बंदी घातली. १७८५च्या हुकमात तर इल्युमिनाटींचं नावच घातलं. वाइसहाउप्ट पळाला. पुढे गोथाच्या ड्यूकच्या आश्रयाने तो आपल्या बचावाची पुस्तकं लिहीत राहिला आणि १८३०मध्ये वारला.

खरा इतिहास एवढाच. अफवेचा इतिहास याच्या पुढे सुरू होतो.

१७८९मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली, पुढे राजाचं मुंडकं उडालं, चर्चच्या मालमत्ता गेल्या. हजार वर्षांची व्यवस्था एवढ्या झटक्यात कशी कोसळली? १७९७मध्ये दोन माणसांनी दोन पुस्तकांतून जवळपास एकच उत्तर दिलं. क्रांतीतून जीव वाचवून इंग्लंडला आलेला जेझुइट धर्मगुरू ऑग्युस्तँ बारुएल आणि एडिंबरा विद्यापीठातला विज्ञानाचा प्राध्यापक जॉन रॉबिसन. दोघांच्याही मते हे सारं इल्युमिनाटींनी घडवलं होतं. संघटना मेली नव्हती, फक्त दडली होती.

१७८८च्या गारपिटीने फ्रान्समधलं उभं पीक झोपवलं, पावाचे भाव भडकले, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेल्या मदतीने आधीच कर्जबाजारी खजिना आणखी खचला, हे तेव्हाच्या लोकांनीही पाहिलं होतं. १७८९मध्ये राष्ट्रीय सभेचं अध्यक्षपद भूषवलेल्या झाँ-जोसेफ मुनिएने १८०१मध्ये बारुएलला पुस्तक लिहूनच उत्तर दिलं. क्रांती त्याने आतून पाहिली होती आणि तिच्या अतिरेकाला कंटाळून देशही सोडला होता; म्हणजे क्रांतीचा भाट म्हणून त्याला बाजूला सारणं शक्य नव्हतं. तरी त्याचं पुस्तक मागे पडलं. पावाचे भाव आणि कर्जाचे आकडे यांच्यावर राग धरता येत नाही. रागाला माणूस लागतो, आणि बारुएलने तो दिला होता.

अमेरिकेत ९ मे १७९८ रोजी जेडिडिया मोर्स या पाद्र्याने बोस्टनच्या प्रवचनात इल्युमिनाटी आपल्या देशातही शिरल्याचा इशारा दिला. जेफरसनच्या अनुयायांवर चिखलफेक करायला विरोधकांना ते आयतंच सापडलं. याच मोर्सचा मुलगा म्हणजे तारयंत्राचा सॅम्युएल मोर्स. त्याने १८३५मध्ये पुस्तक काढलं ते अमेरिकेविरुद्धच्या कॅथलिक कटावर. बुद्धी तल्लख असली म्हणजे माणूस अशा कथांपासून वाचतो, हा समज या घराण्याकडे पाहून सोडून द्यावा लागतो.

सगळ्यात घातक वळण १८०६मध्ये आलं. सिमोनिनी अशी सही असलेलं एक पत्र बारुएलकडे पोचलं. तुमच्या कटामागे खरे आहेत ते ज्यू, असं त्यात म्हटलं होतं. इल्युमिनाटी तर उरलेच नव्हते, त्यांना कोण मारणार? ज्यू मात्र गल्लोगल्ली राहत होते. हाच आरोप घेऊन १९०३मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या ‘झ्नाम्या’ या वर्तमानपत्रात ‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’ छापून आलं. जग ताब्यात घेण्यासाठी ज्यू पुढाऱ्यांनी केलेल्या गुप्त बैठकांचा हा म्हणे वृत्तान्त. १९२१मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चा वार्ताहर फिलिप ग्रेव्हज याने दाखवून दिलं, की त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद मोरिस जोलीच्या १८६४च्या पुस्तकातून उचललेले आहेत. जोलीचं लक्ष्य होतं फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन. ज्यूंशी त्याचा काही संबंधच नव्हता. हिटलरने यावर उफराटा तर्क लढवला: ज्यूंच्या हातातली वर्तमानपत्रं हे बनावट आहे असं ओरडतात, म्हणजेच ते खरं. पुरावा दाखवला की तोच कटाचा भाग ठरतो, अशा विचारापुढे कुठलाही ग्रेव्हज हतबल होतो.

स्वित्झर्लंडमधल्या ज्यू संघटना तरीही कोर्टात गेल्या. मे १९३५मध्ये बर्नच्या न्यायाधीशाने ‘प्रोटोकॉल्स’ हे पुस्तक बनावट आणि चोरलेलं असल्याचा निर्वाळा देऊन वाटणाऱ्यांना दंड केला. नोव्हेंबर १९३७मध्ये वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली, कारण ज्या कायद्याखाली खटला होता तो अश्लील साहित्यापुरता होता. तोवर जर्मनीत ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे न्यूरेंबर्ग कायदे लागू होऊन दोन वर्षं उलटली होती.