वन्समोअर : संगीत नाटक आणि त्याचा प्रेक्षक

संगीत नाटकातील पद संपते, तबल्याची शेवटची सम पडते, आणि त्याच क्षणी नाट्यगृहाच्या एका कोपऱ्यातून आरोळी उठते, ‘वन्समोअर!’ पाहता पाहता ती सर्वत्र पसरते. पुढील भाषणासाठी तोंड उघडलेला नट थांबतो, ऑर्गनवाला पुन्हा स्वर धरतो आणि कथानकाचा गाडा जागच्या जागी उभा राहतो. रुक्मिणी असो वा सुभद्रा, तिला आपले मनोगत दुसऱ्यांदा, कित्येकदा तिसऱ्यांदाही, सांगणे भाग पडते. गावोगाव फिरणाऱ्या मराठी नाटक मंडळ्यांच्या वैभवकाळात प्रेक्षकांच्या पसंतीची ही सर्वांत परिचित खूण होती. ती खूण रंगभूमीला कितपत तारक आणि कितपत मारक ठरली, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

प्रथम हा शब्दच पाहावा. इंग्लंडातील प्रेक्षक गायकास पुन्हा गावयास सांगताना ‘आँकोर’ हा फ्रेंच शब्द उच्चारतो. फ्रान्समधील प्रेक्षक मात्र तो शब्द न वापरता ‘बिस’ हा लॅटिन शब्द वापरतो. मराठी प्रेक्षकाने इंग्रजी शब्द उचलले. पण जे उचलले ते खुद्द इंग्रज प्रेक्षक त्या प्रसंगी वापरीत नाही. आग्रहाची भाषा बहुधा परकीच असावी, असा काही संकेत दिसतो! आग्रहाने होणारी अडचण मात्र सर्वत्र सारखीच. 1786 साली व्हिएन्ना येथे मोझार्टचा ‘फिगारो’ हा संगीत खेळ रंगभूमीवर आला, तेव्हा पुन्हा पुन्हा म्हणाव्या लागणाऱ्या पदांनी प्रयोग इतका लांबू लागला की, एकाहून अधिक गायकांनी मिळून म्हणावयाचे कोणतेही पद पुन्हा म्हटले जाऊ नये, असे फर्मान सम्राट दुसरा जोसेफ यास काढावे लागले. मराठी रंगभूमीवर असे फर्मान काढणारा सम्राट नव्हता. तेथे प्रेक्षकच सम्राट होता.

हे साम्राज्य त्यास कसे मिळाले, हे समजण्यास थोडे मागे जावे लागते. 1843 साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटक केले, तेव्हा पदे म्हणण्याचे काम मुख्यतः सूत्रधाराचे असे; पात्रे त्यास अनुसरून अभिनय करीत. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि ही व्यवस्था पालटली. शकुंतला आपले पद आपणच म्हणू लागली. साक्या, दिंड्या, लावणीच्या चाली, कानडी चाली अशा ओळखीच्या वळणांची पदे संवादात गुंफलेली असत आणि त्यांची संख्या दोनशेच्या घरात होती. 1882 साली आलेल्या ‘सौभद्रा’तही शंभराहून अधिक पदे होती. इतकी पदे एका रात्रीत म्हणावयाची, तर ती आटोपशीरच असली पाहिजेत, आणि आरंभी ती तशी होतीही.

या नव्या नाटकाने प्रेक्षकवर्गही नवा आणला. पूर्वीच्या खेळांतील राक्षसांचा आरडाओरडा आणि युद्धांचा धांगडधिंगा सहकुटुंब पाहावयास सुशिक्षित गृहस्थ सहसा तयार नसे. सुभद्राहरणाची गोड कथा, निर्मळ विनोद आणि सुश्राव्य गाणे यांमुळे तो संकोच सुटला. वकील, कारकून, शिक्षक, व्यापारी सहपरिवार येऊ लागले. स्त्रियांकरिता बसण्याची निराळी सोय असे. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन उत्तररात्रीपर्यंत चाले. बरोबर आणलेली लहान मुले मध्येच केव्हातरी मांडीवर झोपी जात. कंपनीचे बिऱ्हाड गावात येऊन राहिले म्हणजे तितके दिवस गावाच्या बोलण्यात दुसरा विषय नसे. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बडोदे, इंदूर, नागपूर अशी मंडळ्यांची भ्रमंती चाले आणि एका गावची वाहवा मंडळींच्या आधी दुसऱ्या गावी जाऊन पोहोचत असे.

अशा प्रेक्षकांत पसंती व्यक्त करण्याचा अधिकार सर्वांस सारखा नव्हता. स्वस्त तिकिटाच्या पिटातील माणूस मोकळ्या गळ्याने ओरडे. खुर्चीवरील रसिक मान डोलावून ‘वाहवा’ म्हणे. कुलीन स्त्रीला मात्र नाट्यगृहात आवाज चढविणे शोभत नसे. म्हणून तिचा प्रतिसाद नव्हता असे मुळीच नव्हे. तो दुसऱ्या दिवशी घरी प्रकट होई. स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व रंगभूमीवर जे लुगडे ज्या रीतीने नेसत, जो दागिना घालीत, केसांची जी रचना करीत, त्यांचे अनुकरण घरोघर होऊ लागले. एका पुरुषाने उभे केलेले स्त्रीरूप स्त्रियांनीच आदर्श म्हणून पत्करावे, यापेक्षा मोठी दाद कोणती? नाटकातील पदे माजघरात आणि पाळण्याशी गुणगुणली जाऊ लागली, तीही याच मार्गाने.

पिटातील आरोळी आणि घरातील गुणगुणणे या दोहोंचा परिणाम नाटकाच्या रचनेवर झाल्यावाचून राहिला नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमाना’स 1911 साली गोविंदराव टेंबे यांनी पूर्वेकडील ठुमरीच्या वळणाच्या चाली दिल्या. 1916 साली ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनी ख्यालगायनातील रागदारीचा आधार दिला. पदांची संख्या घटली. पण प्रत्येक पदाचा विस्तार वाढला. रागावर आधारलेले पद हे रबरासारखे असते. गायकाच्या बुद्धीप्रमाणे ते कितीही ताणता येते. म्हणून बालगंधर्वांसारखा गायक पद दुसऱ्यांदा म्हणे, तेव्हा ती पहिल्याची नक्कल नसे. पहिल्या वेळी न घेतलेली जागा दुसऱ्या वेळी येई. एखादा शब्द निराळ्या लडिवाळपणे उच्चारला जाई. साथीस सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा यांच्यासारखे गुणी असल्यावर ऐकणाऱ्याची तृप्ती कशी व्हावी? ‘पुन्हा म्हणा’ याचा खरा अर्थ ‘आणखी काही नवे सांगा’ असा होता. ख्याल-ठुमरीच्या बैठकीचे दार ज्यास कधीच उघडले नसते, अशा सामान्य कुटुंबाच्या कानावर रागसंगीत पडले, ते या मार्गाने. वन्समोअरची ही जमेची बाजू लहान नव्हे.

खर्चाची बाजूही तितकीच स्पष्ट आहे. ‘एकच प्याला’ हे राम गणेश गडकरी यांचे नाटक 1919 साली रंगभूमीवर आले. त्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या जानेवारीत, नाटककार निवर्तले होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. नवऱ्याच्या व्यसनापायी दारिद्र्यात पडलेली सिंधू त्यात जात्यावर दळण दळते आणि दळता दळता गाते. येथे पद ऐकून ‘वन्समोअर’ ओरडणारा प्रेक्षक कोणाकडे काय मागत असतो? गायकाकडे स्वर मागताना तो सिंधूस पुन्हा जात्यावर बसवीत असतो. तिचे दुःख त्यास कळत नाही असे नव्हे. कदाचित डोळे पाण्याने भरलेले असतानाच त्याने आरोळी दिलेली असते. परंतु एकदा पुन्हा गाऊ लागल्यावर सिंधू मागे पडते आणि बालगंधर्व पुढे येतात. रात्र पुढे सरकते, पदांनी खाल्लेला वेळ भरून काढण्यासाठी गद्य प्रवेशांस कात्री लावण्याचा मोह होतो, आणि नाटककाराने मोजूनमापून बांधलेला परिणाम ढिला पडतो. संगीत नाटक म्हणजे मधूनमधून बोलणे असलेली गाण्याची बैठक, अशी टीका पुढे झाली, तिचे मूळ येथे आहे.

कलावंतास या आग्रहाची किंमत किती द्यावी लागे, हेही विसरता येत नाही. 12 मार्च 1911 रोजी मुंबईस ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची बालकन्या वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे सुचविण्यात आले. पण जमलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून त्यांनी तो होऊ दिला आणि भामिनीची भूमिका केली. रंगभूमीवर मानाच्या गोष्टी बोलणाऱ्या त्या भामिनीच्या घरी काय घडले आहे, हे समोरच्या प्रेक्षकांच्या आनंदात कोठेच उमटण्यासारखे नव्हते. प्रेक्षक मायबाप, असे नट म्हणे. ते केवळ सौजन्याचे बोलणे नव्हते, हे अशा प्रसंगाने कळते.

आरोळीच्या उलट, ज्यास आवाज नाही असाही एक प्रतिसाद आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ नाटक 1899 साली आले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी वृद्ध भुजंगनाथास द्यावयास निघतो, ही त्यातील कथा. नाट्यगृहात अशाच वयाच्या मुली आणि त्यांचे बाप शेजारी शेजारी बसलेले असत. ‘शारदे’ची पदेही लोकप्रिय झाली आणि त्यांसही पुन्हा पुन्हा मागणी आली, पण या नाटकाचा खरा प्रतिसाद नाट्यगृहातून बाहेर पडल्यावर सुरू होई. जरठ-कुमारी विवाहाची गोष्ट निघाली की शारदेचे नाव निघू लागले. ज्या बापास व्याख्यानाने लाज वाटली नसती, त्यास शारदेच्या पदाने वाटली असेल. येथे पदाची पुनरावृत्ती कथेच्या आड आली नाही, उलट तिच्या कामी आली. कारण जे पद मुलींच्या ओठी बसले, ते मुलींचेच गाऱ्हाणे होते.

‘एकच प्याला’ आणि ‘शारदा’ यांची अशी तुलना केली म्हणजे वन्समोअरचा दोष कोठे आहे ते उमगते. दोष पुन्हा गाण्यात नाही; पद आणि प्रसंग यांच्यात फट असण्यात आहे. जेथे पदाचा अर्थ आणि पात्राची अवस्था एकजीव आहेत, तेथे पद दोनदा म्हटल्याने अवस्था गडद होते. जेथे पद केवळ गायकाचे आहे, तेथे ते एकदा म्हटले तरी कथेत खंडच पडतो. प्रेक्षकाची आरोळी ही फट निर्माण करीत नाही. आधीच असलेली फट ती रुंद करते.

1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस झालेला ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग हा या युगाचा कळस. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर पाहण्यासाठी लोटलेल्या प्रेक्षकांना कथा तोंडपाठ होती. त्यांस ऐकावयाचे होते ते दोन गळे. त्याच वर्षी केशवराव वारले. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. पडद्यावरील गायकास कितीही ओरडून सांगितले तरी तो पुन्हा गात नाही. तिकीट मात्र स्वस्त आणि खेळ वेळेवर संपणारा. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ मोजक्या पदांनिशी सादर केले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. 1942 सालच्या ‘कुलवधू’तही पदे थोडी आणि भावगीताच्या वळणाची होती. डामडौलाच्या खर्चाने कर्जात बुडालेल्या गंधर्व मंडळीचा डोलारा तोवर कोसळला होता. 1935 साली बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात दिसले. रसिकाच्या घरी ग्रामोफोन होता आणि पुढे रेडिओही आला. तबकडीवर सुई पुन्हा ठेवली की वन्समोअर मिळत असे. फक्त दुसऱ्या वेळी नवी जागा ऐकू येत नसे.

तरी ती हाक कायमची विरली नाही. 1967 साली, बालगंधर्वांच्या निधनाच्याच वर्षी, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आले. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. दोन घराण्यांची स्पर्धा हाच नाटकाचा विषय असल्यामुळे तेथे गाणे हीच घटना होती. अशा नाटकात प्रेक्षकाने पुन्हा गाण्याचा आग्रह धरला, तरी तो कथेबाहेरचा राहत नाही. तो कथेतील श्रोत्यांतच जाऊन बसतो. सहा-सात दशके चाललेल्या तंट्याचा असा एक निवाडा रंगभूमीने स्वतःच करून दाखविला.

आजही ‘सौभद्रा’चा प्रयोग लागतो, आजोबांच्या शेजारी नातवंडे बसतात आणि एखादे पद संपताच मागून तोच जुना शब्द ऐकू येतो. त्या वेळी नटाने थांबावे की पुढे जावे, याचा नियम कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. सुभद्रेला आणखी काही सांगावयाचे उरले असेल तर तिने अवश्य पुन्हा गावे. नसेल तर नम्रपणे मान लववून पुढील वाक्य बोलावे. खरा रसिक या दोहोंतील भेद ओळखतो, आणि दुसऱ्या प्रसंगी तो रागावत नाही.