हात थरथरला तरी खेळ सोडू नका!

महिला दिन असो, हळदीकुंकू असो की गणेशोत्सव, महिला मंडळांत स्पर्धा आता ठरलेल्याच. त्यात कॅरम हमखास असतो. आमच्या मंडळात या स्पर्धांचं काम मी बघते. नावं देताना सगळ्यांचा उत्साह नुसता उतू जात असतो. प्रत्यक्ष त्या दिवशी मात्र चार-पाच जणी येतच नाहीत. कुणाचं डोकं दुखतं, कुणाकडे पाहुणे येतात. खरं कारण नंतर हळूच कळतं, "अहो ताई, सगळ्यांसमोर हात कापतो हो माझा!"

घरी मुलांना सहज हरवणारी बाई, भोवती चार माणसं उभी राहिली की सोपी सोंगटीही चुकवते. राणी घेते आणि कव्हरला स्ट्रायकर भलतीकडेच जातो. मग "आपल्याला नाही बाई जमत" म्हणून खेळच बंद! हरण्याचं काही नाही हो, पण दिवसभराच्या धबडग्यातून स्वतःसाठी काढलेला तो एक तास हातचा जातो, याचं वाईट वाटतं.

मैत्रिणींनो, ही भीती म्हणजे दुबळेपणा नव्हे. मनावर ताण आला की शरीरात अॅड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, तळहात घामेजतात, बोटं थरथरतात. समोर वाघ आहे की कॅरमबोर्ड, हे शरीराला कुठे कळतं!

गोल्फचंही असंच आहे. चेंडू जागेवर स्थिर, घाई कसलीच नाही, तरी शेवटच्या चार फुटांवर भल्याभल्यांचे हात कापतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांनी गोल्फ खेळणाऱ्यांवर प्रयोग केले. मुरलेल्या खेळाडूंना स्वतःच्या हालचालीकडे मुद्दाम लक्ष द्यायला लावलं, तर त्यांचा खेळ बिघडला. पोळी लाटताना हात कसा फिरतो याचा विचार करत बसलं, तर पोळी वाकडीच होणार ना? तसंच हे!

म्हणून नजर बोटांवर नको, सोंगटीवर ठेवा. स्ट्रायकर मारण्याआधी एक श्वास सावकाश सोडा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की धडधड कमी होते. प्रत्येक वेळी क्रम तोच ठेवा: स्ट्रायकर लावायचा, नेम बघायचा, श्वास सोडायचा आणि मारायचं. आणि "मला भीती वाटतेय" असं न म्हणता "मला हुरूप आलाय" असं म्हणून बघा. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये हेच तपासलं. असं स्वतःशी म्हणणाऱ्यांचं गाणं आणि भाषण, दोन्ही जास्त चांगलं झालं. स्पर्धेआधी शेजारणींना बोलावून त्यांच्यासमोर दोन-चार डावही खेळा. बघणाऱ्या नजरांचीसुद्धा सवय होते.

आपल्या आदिती अशोकचंच बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली गोल्फमध्ये ती चौथी आली. पदक अवघ्या एका फटक्याने हुकलं. त्या वेळी तिची बॅग घेऊन शेजारी चालत होती तिची आई! पुढे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत शेवटच्या दिवशी तिची सात फटक्यांची आघाडी गेली, तरी रौप्यपदक मिळालंच. आशियाई स्पर्धेत गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. ऑलिंपिकनंतर तिने खेळ सोडला असता तर?

घरच्यांनाही एक सांगणं आहे. आई किंवा सूनबाई हरून घरी आली, तर "तरी सांगत होतो" असं म्हणू नका. "मजा आली का?" एवढंच विचारा.

आणि सख्यांनो, पुढच्या वेळी नाव पुकारलं की उठा. हात थरथरेल, थरथरू द्या. पहिली सोंगटी गेली की तोही विसरेल आणि तुम्हीही!