नावांच्या क्रमावर उभी राहिलेली भिंत

वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन गार्डन्स या उद्यानातलं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक लांबून जवळजवळ दिसतच नाही. चौथरा नाही, स्तंभ नाही, घोड्यावर बसलेला सेनापती नाही. हिरवळ उतरत जाते आणि तिच्या पोटात काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती १२५ अंशांच्या कोनात भेटतात. टोकाला त्या जेमतेम वीतभर उंच, कोपऱ्यात मात्र तीन मीटरहून थोड्या जास्त.

१९८१च्या खुल्या स्पर्धेत १,४२१ प्रवेशिका आल्या. नावं झाकून परीक्षण झालं आणि निवड झाली ती येल विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या माया लिनची. खर्च लोकवर्गणीतून उभा राहिला.

कागदावर साधी दिसणारी ही भिंत बांधायला सोपी नव्हती. तिच्या पाठीवर मातीचा रेटा आणि पायाखाली जुना भराव. म्हणून सुमारे १४० खांब सरासरी १० मीटर खोल, खडकापर्यंत नेले. दगड आला आपल्या शेजारून, बंगळुरू परिसरातून. तो कापला व्हरमाँटमध्ये, अक्षरं कोरली मेम्फिसमध्ये. युद्धात पडलेल्या अमेरिकी सैनिकांची पन्नास हजारांहून जास्त नावं छिन्नीने कोरायची तर वर्षं गेली असती. त्यामुळे फोटोच्या तंत्राने दगडावर अक्षरांचा साचा उमटवला आणि खरखरीत कणांचा जोरदार मारा केला. अक्षरं अर्ध्या इंचाहून किंचित मोठी. काळ्या झिलईवर ती राखाडी उठतात आणि मागे वाचणाऱ्याचा स्वतःचा चेहरा दिसतो.

खरी करामत मात्र दगडात नाही, क्रमात आहे. नावं अकारविल्हे लावा, असा आग्रह काहींनी धरला होता. तसं केलं असतं तर सहाशेहून अधिक स्मिथ एका रांगेत येऊन भिंतीची टेलिफोन डिरेक्टरी झाली असती. लिनने तारखेचा क्रम धरला: कोपऱ्यातून उजवीकडे १९५९पासून सुरुवात, मग डाव्या टोकाकडून परत कोपऱ्यात, १९७५पर्यंत. एकाच दिवशी पडलेले सोबती त्यामुळे शेजारीशेजारी राहिले. नाव शोधायला जागेवर सूची ठेवलेली असते. तेवढा त्रास परवडला.

नोव्हेंबर १९८२मध्ये लोकार्पण झालं, तरी ‘जमिनीतली काळी जखम’ म्हणणाऱ्यांचं समाधान झालं नव्हतं. तडजोड म्हणून १९८४मध्ये फ्रेडरिक हार्ट यांचा तीन सैनिकांचा ब्राँझ पुतळा थोड्या अंतरावर बसवला. पुतळा चांगला आहे. पण भिंतीला त्याची गरज नव्हती.