भांगेचे देशी वाण म्हणजे काय?

भांगेचे ‘लँडरेस’ म्हणजे स्थानिक वाण (एका प्रदेशात पिढ्यानपिढ्या बी राखून पेरल्याने घडलेला झाडांचा समूह) हे शुद्ध, रानटी आणि कधीही न बदललेले असतात, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. घरोघरचे विरजण पाहावे: त्यात अनेक जिवाणू एकत्र नांदतात, घर बदलले की दह्याची चवही बदलते. स्थानिक वाणातही झाडागणिक उंची, फुलोरा आणि रसायने वेगळी असतात. तिथले हवामान आणि बी निवडणारा हात यांमुळे त्यांना एक सामाईक वळण मिळते. कुमाऊँ-गढवालमध्ये ही निवड मुख्यतः धागा आणि बी यांसाठी झाली. तिथली भांगेच्या भाजलेल्या बियांची चटणी नशा आणत नाही, हे अनेकांना खरे वाटत नाही. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानेही गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याच्या शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया वगळल्या आहेत.

वाण बदलतच असेल तर जपायचे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. मात्र बदलाचा वेग येथे महत्त्वाचा. भांगेत नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात, पराग वाऱ्यावर दूरवर जातो. जवळपास बाहेरचे संकरित बी पेरले गेले, तर काही हंगामांतच जुने गुण विरळ होऊ लागतात. बीजपेढीत बी टिकते, पण शेतातली निवड तिथे थांबते. म्हणून दोन्ही लागतात.