दोन किलोबाइटमध्ये बाराखडी

१९९० च्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत टीव्हीसमोर बसून 'मारिओ' किंवा 'कॉन्ट्रा' खेळलेली पिढी वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडे आता चाळिशीला आली आहे. यंत्रावर कधी 'मीडिया' लिहिलेलं असायचं, कधी 'लिटल मास्टर'. खेळाच्या डबीला सगळे 'कॅसेट'च म्हणायचे आणि तिच्यावर '९९९९ इन १' असा धादांत खोटा आकडा छापलेला असायचा. मूळ यंत्र जपानचं. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेला 'फॅमिकॉम'. आपल्याकडे आली ती बहुतेक त्याची नक्कल.

या यंत्राची कामाची स्मृती दोन किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट. चित्रासाठीची वेगळी स्मृतीही तेवढीच. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटोही याच्या हजारपट जागा खातो. मग एवढ्याशा जागेत पडदाभर चित्र मावायचं कसं? उत्तर असं की ते मावतच नाही, यंत्र चित्र साठवतच नाही. पडद्यावर ८ बाय ८ ठिपक्यांच्या टाइल असतात. आडव्या ३२, उभ्या ३०, एकूण ९६०. कुठल्या जागी कितव्या क्रमांकाची टाइल लावायची, एवढंच यंत्राला सांगायचं. क्रमांकाला एक बाइट पुरतो. त्यात रंगांच्या नोंदीचे ६४ बाइट मिळवले की अख्खा पडदा १०२४ बाइटांत बसतो. हेच चित्र ठिपक्या-ठिपक्याने साठवायचं म्हटलं असतं तर पंधरा हजारांहून जास्त बाइट लागले असते.

अट एकच. पार्श्वभूमीसाठी एका वेळी वेगवेगळ्या टाइल मिळतात फक्त २५६. म्हणून १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच टाइलांचे आहेत. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. तो सबंध खेळ चाळीस किलोबाइटचा आहे. किती मुलांनी ते झुडूप पाहिलं असेल, आणि ढग ओळखला किती जणांनी!

हे सगळं आपल्याला कळलं कसं, हीच मोठी गंमत आहे. कंपनीने यंत्राची अंतर्गत माहिती सर्वांसाठी खुली केली नव्हती. जगभरच्या हौशी मंडळींनी यंत्रं उघडली, तारा जोडून मोजमापं घेतली, चिपवरचं आवरण काढून सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो घेतले आणि एकेक ट्रान्झिस्टर वाचला. त्यातूनच दिसलं की आतला प्रोसेसर हा १९७५ चा प्रसिद्ध ६५०२ आहे, फक्त त्यातली दशमान बेरीज करणारी सोय मुद्दाम तोडलेली आहे. पेटंटची भानगड टाळण्यासाठी, असं मानलं जातं. अशा शेकडो बारकाव्यांची टिपणं आज कोणालाही फुकट वाचता येतात, आणि अधिकृत पुस्तिकेत जे कधीच आलं नसतं तेही त्यांत आहे, कारण नकली यंत्रांचा अभ्याससुद्धा या लोकांनी तितक्याच निष्ठेने केला.

नकलांचा हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. आपले तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं दाखवणारे. जपानी खेळ ६० च्या हिशेबाने लिहिलेले. तैवानच्या यूएमसी कंपनीने नकली यंत्रांसाठी चिप बनवताना एक युक्ती केली. प्रत्येक चित्रामागे ज्या जादा रेषा उरतात, त्यांचा वेळ चित्र संपल्यावर नुसता वाट बघण्यात घालवायचा. त्यामुळे बाकीचं सगळं गणित जपानी यंत्रासारखंच राहतं आणि खेळ बिघडत नाहीत. रशियात अशी यंत्रं 'डेंडी' नावाने खपली, म्हणून संगणकावर जुनं यंत्र हुबेहूब चालवणाऱ्या एम्युलेटरमध्ये आज 'डेंडी' असा पर्याय सापडतो. दुसरी गोष्ट आवाजाची. कित्येक नकली चिपमध्ये दोन ध्वनिलहरींच्या जागा आपसांत बदललेल्या आहेत. सूर तोच, पण त्याची जात वेगळी. असं यंत्र ज्याच्या घरी होतं त्याच्या कानात बसलेलं संगीत क्योटोत रचलेल्या संगीताहून जरा निराळं आहे.

स्वतःचा खेळ लिहायचा तर अवजारं फुकट आहेत. 'सीसी६५' हा संच सी भाषेतला किंवा असेम्ब्लीतला प्रोग्राम ६५०२ ला कळेल असा करून देतो. 'एफसीईयूएक्स' किंवा 'मेसेन'सारख्या एम्युलेटरमध्ये तो चालवून मध्येच थांबवता येतो आणि कुठल्या बाइटमध्ये काय आहे ते बघता येतं. तयार फाइलच्या सुरुवातीला सोळा बाइटांचा एक मथळा लागतो. २००८ च्या सुमारास डेरेक लोमास या अमेरिकन संशोधकाला भारतात विकला जाणारा, टीव्हीला जोडायचा सुमारे १२ डॉलरचा असाच आठ-बिट संगणक दिसला. त्यासाठी शैक्षणिक खेळ करण्याचा 'प्लेपॉवर' प्रकल्प त्यातूनच उभा राहिला.

शैक्षणिक खेळ म्हटला की प्रश्न येतो लिपीचा. २५६ टाइलांत मराठी बसेल? इंग्रजीला कॅपिटल अक्षरं आणि आकडे मिळून ३६ टाइल पुरतात. आपल्याकडे व्यंजनं, मात्रा, वेलांट्या, रफार, वर जोडाक्षरं. पण कागदावर चौकटी आखून बसलं की देवनागरी भराभर उलगडत जाते. ग, त, न, प, म, स अशा वीसेक व्यंजनांच्या उजव्या कडेला दांडा असतो. तो वेगळा काढला की सगळ्यांना मिळून दांड्याची एकच टाइल लागते. डावीकडे उरतं ते अर्धं अक्षर, म्हणजे जोडाक्षरांचा मोठा हिस्सा आपोआप सुटला: 'स्त'साठी स चा डावा भाग, मग त चा, मग दांडा. काना म्हणजे पुन्हा तोच दांडा. वेलांटी म्हणजे दांडा आणि वरच्या ओळीतली एक वक्र टाइल. शिरोरेषा एका टाइलमधून दुसरीत सरळ सरकते, सांधा दिसतच नाही. क आणि फ यांचा दांडा मधोमध, ट-ठ-ड-ढ-द ना तर दांडाच नाही. त्यांना प्रत्येकी दोन टाइल द्याव्या लागतात. मराठी वळणाचा ल हिंदीतल्या ल सारखा दांड्यावर संपत नाही, तेव्हा त्याच्यावर एक टाइल जास्त खर्च. तरी आकड्यांसकट सगळा हिशेब शंभराच्या आत बसतो.

हा हिशेब वर्ध्याला नवा नाही. खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा देवनागरीला शेकडो खिळे लागत, आणि ते कमी कसे करायचे ही तिथल्या लोकांची खरीखुरी चिंता होती. १९३६ मध्ये वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. गांधीजींचे सहकारी काका कालेलकर यांचा लिपिसुधारणेचा आग्रह होता आणि समितीच्या पुस्तकांतून 'अ'ची बाराखडी छापली गेली: अि, अी, अु, अू, अे, अै. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांचे वेगळे खिळे नकोतच. आ, ओ, औ आपण 'अ'वरूनच लिहितो, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय, हा बिनतोड युक्तिवाद. सावरकरही याच बाराखडीचे पुरस्कर्ते होते. एरवी वर्धा आणि सावरकर यांचं किती पटलं असतं ते सांगायला नको, पण खिळ्यांच्या पेटीपुढे दोघांची मतं जुळली. लोकांनी मात्र ती बाराखडी स्वीकारली नाही.

टाइलांच्या यंत्रात तिचा मोह पुन्हा होतो. पण 'इ' आणि 'ई'चा, 'उ' आणि 'ऊ'चा, 'ए' आणि 'ऐ'चा बराच भाग सामायिक असतो. तो हिशेबात धरला तर 'अ'च्या बाराखडीने जेमतेम सहा-सात टाइल वाचतात. तेवढ्यासाठी पहिलीतल्या मुलाला पडद्यावर 'अिमारत' वाचायला लावणं मला पटत नाही. त्यापेक्षा खेळातला एखादा ढग कमी करावा, किंवा झुडपालाच पांढरा रंग द्यावा.