बाझेलच्या छापखान्यातले तेर

संत गोरोबाकाकांचे, तेरणाकाठचे तेर १५३३ साली बाझेल शहरात ग्रीक अक्षरांत छापले गेले. फ्रोबेनच्या छापखान्यातून त्या एका वर्षात हे दोन ग्रीक ग्रंथ बाहेर पडले: टॉलेमीचा भूगोल आणि कुणा अनाम व्यापाऱ्याचा 'पेरिप्लस'. दोन्हींत 'तगर' आहे. भरुचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर हे फार मोठे नगर, आणि तिथले कापड वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भरुचला येते, असे पेरिप्लस सांगतो. नाव छापले गेले, पण गाव सापडायला पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षे गेली. कुणी दौलताबाद म्हटले, कुणी जुन्नर. शिलाहार राजे 'तगरपुरवराधीश्वर' म्हणून मिरवत होते, तरी तेरवर बोट ठेवले ते पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने, १९०१ साली.

याच छापखान्याला वैद्यकाचाही नाद होता. पेरिप्लसची दहाव्या शतकातली जी पोथी आज हायडेलबर्गला आहे, तिच्यात हिपोक्रेटिसच्या नावावर खपणारी पत्रेही आहेत. तगर आणि ग्रीक वैद्यराज, दोघे एकाच बांधणीत! १५३८ साली फ्रोबेनने यानुस कोर्नारियस या वैद्याकडून संपादन करून घेऊन हिपोक्रेटिसचे मूळ ग्रीक ग्रंथ काढले. वाट त्याआधीच व्हेनिसचा मुद्रक आल्डस याने घालून दिली होती. डायोस्कोरिडीझचा औषधीग्रंथ त्याने १४९९ मध्ये ग्रीकमध्ये छापला. त्याच्या मृत्यूनंतर वारसांनी १५२५ मध्ये पाच खंडांत ग्रीक वैद्य गेलन आणि १५२६ मध्ये हिपोक्रेटिस आणला. अरबी-लॅटिन भाषांतरांतून वैद्यक शिकलेल्या युरोपला आता मूळ शब्द मिळाले.

पण शब्दच. डायोस्कोरिडीझ आणि पेरिप्लसकार दोघेही पहिल्या शतकातले; एकाने औषध वर्णावे, दुसऱ्याने ते कुठल्या बंदरात चढते ते लिहावे. भरुचच्या निर्यातीत जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, पिंपळी आणि 'लिकियॉन' अशी नावे आहेत. तगरच्या नावावर मात्र मुख्यतः कापडच नोंदलेले आहे. गावाच्या अभिमानापोटी ही औषधे तेरच्या गाड्यांत चढवण्याचा मोह आपण आवरावा. व्हेनिसच्या पंडिताने एकेक पाठ तपासला, तरी त्या औषधाच्या झाडाचे पान त्याने पाहिलेले नसे.

पान पाहिले ते गोव्यातल्या गार्सिया द ओर्ताने. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी औषधे देत राहिला, तिथल्या हकिमांशी वाद घालत राहिला. त्याचा संवादरूपी ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात जुआंव द एंदेमने छापला. छपाई इतकी चुकांची, की शुद्धिपत्राला कित्येक पाने लागली. आल्डसच्या देखण्या खंडांपुढे अगदी गरीब काम. मजकूर मात्र निर्भीड. डायोस्कोरिडीझने कोष्ठाचे तीन प्रकार सांगितले, ओर्ता म्हणतो एकच. पिंपळी म्हणजे मिरवेलीचे कोवळे फळ, हा ग्रीकांचा समजही तो खोडून काढतो; दोन्ही वनस्पतीच निराळ्या. स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध बोलायची छाती झाली नसती, हेही तो कबूल करतो. चार वर्षांनी क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पला लॅटिन सारांश काढला. संवादातला तिखटपणा त्यात गेला, पण युरोपने ओर्ता वाचला तो मुख्यतः याच रूपात. खुद्द ओर्ता १५६८ मध्ये वारला. छुपेपणाने ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली.

'लिकियॉन'पाशी मात्र तोही घसरला. डायोस्कोरिडीझने डोळ्यांसाठी वाखाणलेले हे औषध म्हणजे आपला कात, असे त्याने ठरवले. एकोणिसाव्या शतकात रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते रसांजन असल्याचे दाखवून दिले, दारुहळदीचा आटवलेला काढा.