माहिती चौकट: घाटातले हरवलेले स्थानक

मुरबाड तालुक्यात रेल्वेचे रूळ अजून पोहोचलेले नाहीत. शेजारच्या शहापूर तालुक्यात मात्र रेल्वे 1855 पासून आहे.

■ टप्पे : कल्याण–वासिंद 1855, वासिंद–आसनगाव 1860, आसनगाव–कसारा 1861, थळ घाट ओलांडून इगतपुरी 1865.

■ हरवले ते : थळ घाटातले रिव्हर्सिंग स्टेशन. चढावर वळण घ्यायला जागा नव्हती. म्हणून गाडी तिथे थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने पुढची चढण चढे. पुढे मार्ग बदलला आणि स्थानकाचे काम संपले.

■ चढ : 37 फुटांना 1 फूट. घाटात एकूण सुमारे 972 फूट उंची गाठावी लागे.

■ जुळे भावंड : बोरघाटातही असेच स्थानक होते. तिथला मार्ग 1863 मध्ये खुला झाला. 1929 मध्ये नवा मार्ग आल्यावर ते स्थानक बंद झाले.

■ थळ घाटातल्या स्थानकाच्या आठवणीसाठी फलक लावायचा तर त्यावर काय हवे : स्थानकाचे नाव, सुरू व बंद झाल्याची साले, गाडीची दिशा कशी बदले याचे साधे रेखाचित्र आणि घाट फोडणाऱ्या हजारो मजुरांचा उल्लेख. मजकूर मराठीत, मोठ्या अक्षरांत. फलक रुळांपासून दूर, कसारा स्थानकात किंवा महामार्गालगत सुरक्षित जागी असावा. मजकूर ठरवताना जुन्या रेल्वे कामगारांच्या घरच्यांना आणि घाटातल्या पाड्यांवरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारावे. कागदावर न उतरलेल्या आठवणी त्यांच्याकडेच असतात.